न वापरलेल्या घड्याळाचा वापर

१

ज्याने घड्याळ घेतलं त्याला शेवटी शिक्षा झाली. शिक्षा म्हणून तेच घड्याळ त्याला कायमचं देण्यात आलं, आणि गादीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक अंडं उकडलं.

असं काहीही घडलेलं नाही. कुणी तसं म्हणालं असेल तर तुमच्या ऐकण्यात चूक झाली. अजून सोमवारची सकाळ आहे, अंडं फ्रिजमध्ये आहे, आणि गादीवाले आपल्या घड्याळघरातला सगळ्यात खालचा खण उघडतायत.

खण उघडला आणि त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली.

घड्याळ जागेवर होतं. काच शाबूत, पट्टा शाबूत, सोनं जिथल्या तिथे. फक्त ते चालू होतं.

नुसतं चालू असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते जवळजवळ बरोबर वेळ दाखवत होतं.

हा धक्का कळायला गादीवाले कळायला हवेत. त्यांचा गाद्या-उशांचा कारखाना होता आणि अर्धं शहर त्यांच्यावर झोपायचं. त्यातून जो पैसा उरायचा त्याची ते घड्याळं घ्यायचे. चावीची, हाताने घडवलेली, एकेका घड्याळात एकेका माणसाची नजर गेलेली. अशी सगळी घड्याळं मखमलीच्या खणांत बंद होती आणि झाडून सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेली होती, कारण जाहिरातीत ती तशीच असतात. त्यांना चावी द्यायची नाही, हातात घालायची नाही, हा घरातला कायदा. वेळ बघायला फोन होता. एखादं हलकं घड्याळ ते पार्टीला घालून जात, तेही बंदच. "पार्टीत लोक घड्याळ बघतात, वेळ कोण बघतंय?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

आता या सगळ्यांत महागडं, म्हणून सगळ्यांत कमी पाहिलेलं घड्याळ कुणीतरी चक्क वापरलं होतं.

"चोरलं असतं तर समजू शकलो असतो," गादीवाले विमा कंपनीला फोनवर म्हणाले. "पण हे... हे तर वापरलंय हो!"

२

कंपनीने सर्व्हेअर पाठवली. जळालेली गोदामं, बुडालेली दुकानं आणि 'आपोआप' पेटलेल्या मोटारी बघून बघून तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता, त्यामुळे कामात ती उत्तम होती. तिच्या मनगटावर एक प्लास्टिकचं घड्याळ होतं. ते बादलीवर फुकट मिळालं होतं. दर तासाला ते पी-पी करायचं आणि ते बंद करायचं बटण केव्हाच गळून पडलं होतं, त्यामुळे सिनेमागृहात आणि स्मशानात ती सारखीच बदनाम होती.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की इमारतीचे वरचे मजले नुसते ऐकीव होते. लिफ्टमधून ती वर आली तेव्हा खिडकीबाहेर जग नव्हतं, नुसता पिंजलेला कापूस. आत गालिच्यात पाऊल घोट्यापर्यंत बुडायचं. बसायला सांगितलं ती जागा इतकी मऊ होती की बसणं संपतच नव्हतं; ती बराच वेळ खाली खाली जात राहिली.

"कारखान्याचा नमुना आहे," गादीवाले वरून कुठूनतरी म्हणाले. "यावर बसून आजवर कुणी भांडलेलं नाही."

"आणि घड्याळ?"

ते तिला घड्याळघरात घेऊन गेले. उन्हाने तबकड्या फिक्या पडतात म्हणून खोलीला खिडकी नव्हती. दार उघडलं की आत एक जाड काळा पडदा, पडद्यापलीकडे डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार. दाराला कुलूप होतं, पण त्याची किल्ली स्वयंपाकघरात उघड्यावर खुंटीला.

"किल्ली खुंटीला?" सर्व्हेअर म्हणाली.

"किल्लीवर कोण विसंबतंय! भोंगा आहे. आत काडी पेटवली, फोनचा उजेड पाडला, तरी कोकलतो. चोर आला की आधी उजेड करणारच, नाही का? बंद करायचा आकडा फक्त मला माहीत." गादीवाल्यांनी आकडा दाबला, मग दिवा लावला. "मध्ये एकदा आमच्या मेहुण्याने आत फोनचा टॉर्च लावला. सगळी इमारत खाली उतरली. वरच्या मजल्यावरची बाळंतीणसुद्धा."

"आणि या खेपेला?"

"भोंगा वाजलाच नाही."

सर्व्हेअरने हातमोजे घालून घड्याळ उचललं. ते हातात मांजराच्या पिलासारखं धडधडत होतं. तिने फोन काढून बघितला. घड्याळ सात मिनिटं पुढे होतं.

"वेळसुद्धा धड लावता येत नाही मेल्याला," गादीवाले म्हणाले. "आणि ठेवलंही उलटं! बाराचा आकडा खणाच्या बाहेरच्या बाजूला. असं कुणी ठेवतं का? बघताना मान मोडेल."

तिने पट्टा वाकवून पाहिला. कोवळं चामडं. एकाही भोकाशी सुरकुती नाही, बक्कल घासल्याची खूण नाही. कडेला एक बारीक खिट्टी होती. तिचं सोनं मात्र जरा जास्तच चमकत होतं.

"ही कशाला?"

"ती सरकवली की घड्याळ वाजतं म्हणे. किती वाजले ते टोले देऊन सांगतं, मिनिटांसकट. दिवे नव्हते ना पूर्वी, तेव्हा अंधारात वेळ कळावी म्हणून काढलेली युक्ती. हल्ली दिवे आहेत, म्हणून किंमत जास्त."

"कसं वाजतं?"

"मी कशाला वाजवू?" गादीवाले दचकले. "झिजेल ना! घेतलं तेव्हा माहितीपत्रक मात्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा मॅडम. माझ्या पॉलिसीत वस्तूचं कोरेपण गेलं तरी भरपाई आहे. पण मला आधी नाव हवंय. ज्याने हे केलं तो या घरात राहणार नाही. बायको असो, मेहुणा असो, ड्रायव्हर असो."

"घरात आणखी कुणी?"

"मोठी बहीण आहे. आक्का. आई लवकर गेली, तिनेच मला वाढवलं. पण तिचा काय संबंध? तिला घड्याळातलं काय कळतं!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठण ठण करत दहा टोले पडले. सर्व्हेअरने मनगट बघितलं. दहाला अजून सात मिनिटं होती.

३

"मीच असते तर बरं झालं असतं," गादीवाल्यांची बायको म्हणाली. ती गाणं शिकवायची, आणि घड्याळघर हे मुळात तिचं गाण्याचं घर व्हायचं होतं. आता शिष्या न्हाणीघरात रियाज करत. "हातोडा घेऊन गेले असते, तुमची मोठी केस झाली असती. पण अंधारात चाचपडत जाऊन एका घड्याळाला चावी द्यायची? इतका संयम असता तर मी हा संसार नीट केला नसता का?"

"घरात इतक्यात काही वेगळं घडलं?"

बायको जरा घुटमळली. "हसू नका हं. मला घंटा ऐकू येतात."

"घंटा?"

"अगदी बारीक. पाण्याखालून आल्यासारख्या. दिवसाउजेडी, कामं चालू असताना. आधी जाड, मग दुहेरी, मग टिंग टिंग बारीक. सूर मात्र पक्का. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, कान उत्तम आहे, बाकीचं तपासून घ्या."

"कुठे ऐकू येतात?"

"नळ चालू असला की. म्हणून मला वाटलं पाइपात हवा असेल. वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, चमचा पडला असेल. इतक्या सुरात चमचा पडतो होय?"

"हा हॉलमधला लंबक पुढे आहे का?"

"सगळ्यांना माहितीये ते. ह्यांना लहानपणी शाळेला उशीर व्हायचा म्हणून वन्संनी पुढे करून ठेवलेलं. शाळा सुटली, ते सात मिनिटांचं खूळ नाही सुटलं. त्याच्यावर वेळ कोण लावतं? फोन आहेत की सगळ्यांकडे. वन्संकडे तेवढा नाही. त्या म्हणतात, मला कुणाला फोन करायचाय, सगळे तर घरातच पडलेले असतात."

नंतर मेहुणा आला आणि समोरच्या कोचात दिसेनासा झाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या मनगटावर थाळीएवढं नकली घड्याळ होतं आणि बोलताना तो हात असा धरायचा की जणू त्याच्या नव्हे, घड्याळाच्याच जबाबाला सगळे जमलेत.

"मॅडम, मी घेतलं असतं तर तुम्हाला कळलं असतं," तो म्हणाला.

"कसं?"

"सगळ्यांनाच कळलं असतं. फोटो टाकला असता ना. स्टिअरिंगवर हात, हातात घड्याळ, खाली एक विचार. 'वेळ कुणासाठी थांबत नाही' वगैरे. फोटोच नाही काढायचा तर असलं घड्याळ घेऊन माणूस करणार काय?"

"वेळ बघणार."

मेहुण्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. "भाऊजींच्या समोर असं बोलू नका. त्यांना बीपी आहे." मग कोच मऊ असल्यामुळे तो जबाब देता देता झोपला. तिने त्याच्या छातीवर चिठ्ठी ठेवली, 'बाकी नंतर'.

४

ड्रायव्हर झोपला नाही. तो उभाच राहिला, आणि जे विचारलं नव्हतं त्याची उत्तरं देत राहिला.

"मी नाही त्या खोलीत गेलो. आणि मी कुणाला कुठे नेलंही नाही."

"कुणाला कुठे नेण्याबद्दल मी विचारलंच नव्हतं."

"म्हणूनच सांगतोय. नाही नेलं."

"ड्रायव्हर आहात ना तुम्ही?"

"आहे."

"मग कुणालातरी कुठेतरी नेतच असाल."

ड्रायव्हरने हात जोडले. "मॅडम, मला दोन पोरी आहेत. नोकरी गेली तर रस्त्यावर येईन. पण मी वचन दिलंय. एवढंच लिहा, की काही लिहू नका."

सर्व्हेअरला आता खात्री पटत चालली होती की या घरात सगळे खरं बोलतायत. तिच्या धंद्यात यापेक्षा वाईट काही नसतं. खोटं पकडता येतं. खरं बोलणाऱ्यांचं काय करायचं? बाहेर धुकं काचेला गाल लावून ऐकत उभं होतं. घर हलकेच तरंगत कुठेतरी निघाल्यासारखं वाटत होतं. ती डोळे चोळत उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

दारातच तिचं पाऊल खाडकन वाजलं. गालिचा तिथे संपला होता. तो कापलेला होता, सरळ रेषेत, आणि कापल्याला फार दिवस झालेले नव्हते.

"या, विमावाल्या बाई," आतून आवाज आला. "उजव्या पायातल्या चपलेचा पट्टा सुटलाय तुमचा. पडाल."

५

आक्का ओट्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नव्हतं. सर्व्हेअरने खाली पाहिलं. पट्टा खरंच सुटला होता.

"गालिचा का कापला इथला?"

"धूळ होते. बसा. चहा टाकलाय."

डबे एका रांगेत, मुठी सगळ्यांच्या उजवीकडे. सुरी, झारा, उलथनं, प्रत्येकाची जागा ठरलेली, जणू भांडी नाहीत, मंत्रिमंडळ आहे. आक्कांनी कप मांडला, कडेवर बोट आत घालून ठेवलं आणि चहा ओतला. बोटाला चटका बसला तसा हात थांबला. कप काठोकाठ, एक थेंब बाहेर नाही.

"आक्का, स्वयंपाक तुम्हीच करता?"

"दुसरं कोण करणार? बाळ्याला पाणी तापवताही येत नाही. गाद्यांचा एवढा कारखाना, पण अंडं उकडायचं म्हटलं की भांड्यासमोर हात जोडून उभा राहतो." बाळ्या म्हणजे बाहेरचे गादीवाले. "मध्यंतरी जरा करपायचं, उतू जायचं. आता बसलीये घडी."

सर्व्हेअरच्या हातातलं प्लास्टिकचं घड्याळ पी-पी करून ओरडलं. अकरा वाजले होते.

"मागे पडतंय हो तुमचं घड्याळ," आक्का सहज म्हणाल्या. "टोले पडून गेले मघाशीच."

या घरात लंबकाला खरं आणि बाकी जगाला खोटं मानणारं एक माणूस आहे, हे सर्व्हेअरने मनात टिपलं. तिने चहा संपवला, उठली आणि चांगल्या घरची मुलगी असल्यामुळे बसायचं स्टूल उचलून बाजूला, वाटेतून दूर, भिंतीशी ठेवलं.

निदान तिला ती जागा वाटेतून दूर वाटली.

आक्का कप उचलायला वळल्या, भिंतीच्या कडेने झपझप चार पावलं आल्या आणि भर उजेडात, डोळे सताड उघडे असताना, त्या स्टुलावर धाडकन आदळल्या.

६

कप फुटला. आक्का जमिनीवर बसून राहिल्या. तुकडे त्यांच्यासमोर पडले होते आणि त्यांचा हात भलतीकडेच चाचपत होता.

सर्व्हेअरने तो हात धरला. तुकड्यांपासून दूर नेला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"हळू बोला." आक्कांनी दुसरा हात वर नेऊन नळ सोडला, बसल्या बसल्या, अचूक. पाण्याच्या आवाजाखाली त्या बोलू लागल्या. "वर्ष होत आलं. आधी आकडे गेले, मग तोंडं. आता उजेड कळतो, माणसाचा नुसता ढग दिसतो. तुम्ही पिवळसर ढग आहात."

"डॉक्टर?"

"ड्रायव्हरने नेलं होतं गुपचूप. मोतिबिंदू असता तर काढला असता म्हणाले. हे आतल्या पडद्याचं. गेलं ते गेलं, उरलंय तेही जाईल."

"मग भावाला सांगायचं ना. घड्याळ मागून घ्यायचं. बोलणारी घड्याळंही मिळतात, स्वस्तात."

"बोलणारं! म्हणजे दर खेपेला घरभर दवंडी." आक्का हसल्या. "लंबक तासाला बोलतो, पण भाजी काय तासाची वाट बघते? आणि दर पाच मिनिटांनी 'किती वाजले गं' विचारलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं सगळ्यांना. मग आठवलं, बाळ्याने वाचून दाखवलं होतं, अंधारात वेळ सांगतं म्हणून. कुणी वापरत नव्हतं बिचाऱ्याला. सकाळी घ्यायचं, ओच्यात खोचायचं, नळ सोडून खिट्टी सरकवायची. सांजेला चावी देऊन जागच्या जागी. आज बाळ्या माझ्या आधी पोचला."

"तुम्हाला कशाची भीती वाटते? तुम्हाला काही तो घराबाहेर काढणार नाही."

नळ वाहत होता.

"तुम्ही बघितलंत ना त्याचं घड्याळघर? त्याचा ज्याच्यावर जीव जडतो त्याचं तो काय करतो, बघितलंत ना? मखमल अंथरतो आणि आत ठेवतो. हात लावू नका, झिजेल. आक्का, तू बस. आक्का, सुरी ठेव. आक्का, गॅसजवळ नको." त्यांचा आवाज घसरला. "बाई, मला वापरात राहायचंय हो. मी काय दहा वाजून दहा मिनिटांवर बसून राहू?"

सर्व्हेअर कपाचे तुकडे वेचू लागली. आणि तेवढ्यात हॉलमधून मेहुण्याची हाक आली. तो जागा झाला होता, ही तशी घटनाच होती.

"मॅडम, लवकर या! ड्रायव्हरने कबुली दिली!"

७

हॉलमध्ये सगळे उभे होते, कारण बसलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. ड्रायव्हर मान खाली घालून मधोमध. गादीवाले त्याच्यासमोर बोट नाचवत होते.

"माझ्या मुलासारखा मानला रे तुला! आजच्या आज निघ. आणि हातात घालून हिंडलास कुठे कुठे, ते सांग!"

"हिंडलो," ड्रायव्हर म्हणाला. "सगळीकडे."

"कोणत्या हातात घालून हिंडले?" सर्व्हेअर म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मागे आक्का.

तिला लोकांसमोर नाव घ्यायचं नव्हतं. पण दोन पोरींच्या बापाची नोकरी तिच्यासमोर चालली होती, आणि ते न थांबवता आक्कांना वाचवणं आक्कांनाच रुचलं नसतं. तिने टेबलावर आणून ठेवलेलं घड्याळ उचललं.

"याचा पट्टा बघा. नव्या पुस्तकाच्या कण्यासारखा ताठ. हे घड्याळ रोज चालवलं गेलं, पण कुणाच्याही मनगटावर गेलेलं नाही. म्हणजे ते मिरवायला घेतलेलं नाही."

मेहुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्याला वाईट वाटलं, की आपल्यावर संशयच नव्हता.

"भोंगा वाजला नाही. म्हणजे काडीचाही उजेड न करता कुणीतरी इतक्या खणांमधून नेमकं हेच काढलं आणि नेमकं तिथेच ठेवलं. एकदा नाही, कितीतरी दिवस. तुम्ही करून बघा. तुमचे ड्रायव्हर आत गेले तर आधी स्वतःच सापडणार नाहीत."

"मी केलं!" ड्रायव्हर म्हणाला. "अंधाराची सवय आहे मला."

"मग सात मिनिटं पुढे का लावलंत? तुमच्या खिशात फोन आहे. वहिनींकडे आहे, मेहुण्यांकडे दोन आहेत. बरोबर वेळ सगळ्यांच्या खिशात. हे लावलंय लंबकाच्या टोल्यांवर. म्हणजे बघून नाही, ऐकून. आणि खणात ठेवलं ते उलटं. बाराचा आकडा कुठेही असला तरी ज्याला फरक पडत नाही अशा माणसाने. तबकडी, उजेड, मनगट, यातलं काहीच ज्याला लागत नाही, पण वेळ लागते. तीही मिनिटाची. अंड्याला, भाजीला लागते तेवढी."

ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि तिने ते गिळलं.

धुकं सरकून काचेपाशी आलं. गादीवाल्यांनी तिच्या हातातलं घड्याळ घेतलं. त्यांच्या बोटाला ती चमकणारी खिट्टी लागली, आणि माणूस झोपेत कूस बदलतो तसं, विचार न करता, त्यांनी ती सरकवली.

टण्. टण्. टण्. आधी जाड टोले, मग दुहेरी, मग बारीक, एकामागून एक, एवढ्याशा सोन्याच्या पोटातून. खणांतल्या घड्याळांचा त्या मऊ घरात आजवर उघड आवाज झाला नव्हता. पहिला झाला तो असा.

"हाच तो!" बायको पुटपुटली. "अगंबाई, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!"

"साडेअकराच्या पुढे दहा मिनिटं," आक्का दारातून म्हणाल्या. मिनिटाचीही चूक नव्हती, निदान लंबकाच्या हिशोबाने. मग ड्रायव्हरकडे बोट करून, "आणि तू गप रे. तुला वेळ कळत असती तर परवा पाऊण तास उशिरा आला असतास का? बाळ्या, मी घेतलं घड्याळ."

गादीवाल्यांनी वर पाहिलं. आक्का त्यांच्याकडेच बघून हसत होत्या. म्हणजे जवळजवळ त्यांच्याकडे. त्यांच्या डावीकडे हातभर, जिथे कुणीच नव्हतं, तिथे बघून.

गादीवाले हातभर डावीकडे सरकले आणि आक्का जिथे बघत होत्या तिथे जाऊन उभे राहिले.

मग त्यांचं तोंड उघडलं. "आक्का, आता तू अजिबात... तू इथे कोचावर..."

"लागला मखमल कापायला," आक्का म्हणाल्या.

गादीवाल्यांचं तोंड मिटलं. तो घास गिळायला त्यांना फार जड गेला. सगळ्यांना दिसला, एकट्या आक्कांना सोडून. सर्व्हेअरला वाटलं, आता एक तर हा माणूस रडेल, नाहीतर गादी मागवेल.

"मी म्हणालो होतो, ज्याने वापरलं तो या घरात राहणार नाही," ते शेवटी म्हणाले. "चूक झाली. ज्याने वापरलं नाही तो, म्हणजे मी, घड्याळघरात राहणार नाही. हे घे. तुझी शिक्षा." त्यांनी घड्याळ आक्कांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. "आणि मला भूक लागलीये. अंडं... म्हणजे मी टाकतो. तू फक्त सांग, केव्हा काढायचं."

"आधी पाणी घालावं लागतं, बाळ्या."

"हो, ते मला ठाऊक आहे," गादीवाले म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी अंडं दगडासारखं झालं, कारण घड्याळ वाजलं की गादीवाले ऐकतच उभे राहत. ते त्यांनी मिटक्या मारत खाल्लं. घड्याळघराला सुतारांनी खिडकी पाडली आणि तिथून हल्ली सकाळी सूर येतात. बाकीची घड्याळं कपाटात दाटीवाटीने बसलीयेत. गादीवाले रोज एकाला चावी देतात आणि ते नीट चाललं की घाबरतात. स्वयंपाकघरातलं स्टूल कुणी हलवत नाही. लंबक अजून सात मिनिटं पुढे आहे, कारण घराची वेळ तीच.

८

राहता राहिला दावा. सर्व्हेअर सही घ्यायला गेली तेव्हा गादीवाल्यांनी तो मागे घ्यायला नकार दिला. फक्त एक दुरुस्तीचं पत्र तिच्या हाती दिलं. तिने ते वाचलं, लिफ्टमध्ये पुन्हा वाचलं, आणि कार्यालयात जाऊन त्यावर 'पोचलं' असा शिक्का मारला. तिचं घड्याळ पी-पी करून ओरडलं. ती पहिल्यांदाच त्याला रागावली नाही.

*

प्रति,
मा. प्रमुख, नुकसानभरपाई विभाग

विषय : दाव्यातील वस्तूच्या नावात दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

माझ्या घरातील एक मौल्यवान वस्तू वापरली गेल्याने तिचं कोरेपण गेलं, असा दावा मी आपल्याकडे केला होता. सदर दाव्यात वस्तूचं नाव लिहिताना माझ्याकडून चूक झाली आहे. तरी जिथे जिथे 'घड्याळ' असं लिहिलं आहे तिथे तिथे 'मोठ्या बहिणीचे डोळे (एक जोडी)' असं वाचावं.

सदर वस्तू मी स्वतः लहानपणापासून, कोणतीही काळजी न घेता, वापरली आहे. तिचा वापर माझ्या शर्टांची बटणं लावणं, माझ्या पायातले काटे काढणं, माझा ताप उतरतो का ते रात्रभर बघत बसणं, आणि मी शाळेतून येतो का ते खिडकीतून बघणं, या कामांसाठी झाला. ती झिजेल असं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. यात बहिणीची काही चूक नाही.

माझ्या पॉलिसीत 'जुन्याच्या बदली नवं' हे कलम आहे. त्यानुसार सदर जोडी, शक्यतो त्याच रंगाची, आणि मी दारात उभा राहिल्यावर त्याच तऱ्हेने बारीक होणारी, मिळावी. नवी उपलब्ध नसल्यास जुनीच परत मिळाली तरी चालेल. वापरलेली असल्यास माझी हरकत नाही.

घड्याळाबाबत माझी काहीही तक्रार नाही. ते कामावर गेलं आहे.

तरी वरील विनंतीचा सहानुभूतीने विचार करून, आक्काला थोडंफार दिसतंय तोवर निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.